फ्लायव्हील पुन्हा पुन्हा तडकतंय? नवीन बसवण्याआधी धातू बघा

एकाच इंजिनाचं फ्लायव्हील (क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकावरचं जड चाक) तिसऱ्यांदा माझ्या टेबलावर आलं तेव्हा मी मालकाला एवढंच विचारलं, आधीची दोन कुठली बसवली होती? तो म्हणाला, ओरिजिनलच, जसं होतं तसंच. आणि इंजिन? इंजिनात कॅम बदललेला, व्हॉल्व्ह स्प्रिंग बदललेल्या, इंजिनाचा वरचा वेग अडवणारा लिमिटर साडेसहा हजार आरपीएमवरून (मिनिटाला फेरे) साडेआठ हजारावर नेलेला. म्हणजे बाकी सगळं बदललं आणि मोठ्या व्यासाचा, वजनदार असा जो एक तुकडा सतत फिरतो तो मात्र जुन्याच वेगासाठी बनवलेला राहिला. मी बरीच वर्षं फ्लायव्हील, डॅम्पर पुली (क्रँकच्या पुढच्या टोकाची), क्लच असेंब्ली यांचं बॅलन्सिंग आणि फेसिंग (तोंड सपाट करणं) करतोय आणि ही केस इतक्या वेळा बघितलीय की आता सगळं एका जागी लिहून काढतो.

आधी एक महत्त्वाचं. तडा डोळ्यांना दिसत असेल तर इंजिन सुरू करू नका, आवाज ऐकायला म्हणून मिनिटभरसुद्धा नाही. आठ किलोचं, २८० मिमी व्यासाचं फ्लायव्हील ७००० आरपीएमला फिरतं तेव्हा त्यात साधारण २१ किलोज्यूल ऊर्जा असते, एक टनाची गाडी ताशी २३ किमीने भिंतीवर आदळली तर जेवढी असते तेवढी. फुटलं की ती ऊर्जा दोन-तीन तुकड्यांत वाटली जाते, आणि बऱ्याच गाड्यांत ते तुकडे ज्या पातळीत बाहेर फेकले जातात तिथेच चालवणाऱ्याचे पाय असतात.

लक्षणं काय दिसतात

सगळ्यात पहिलं म्हणजे थरथर, आणि ती आरपीएमबरोबर वाढते, गाडीच्या वेगाबरोबर नाही. चौथ्या गियरला ५००० वर जी थरथर आहे तीच दुसऱ्या गियरला ५००० वर असेल तर टायर, प्रॉपेलर शाफ्ट वगैरे विसरा, दोष इंजिनाबरोबर फिरणाऱ्या कशात तरी आहे. दुसरं, आयडलला ठकठक, जी ऐकून लोक बेअरिंग गेलं म्हणून इंजिन खोलायला निघतात, पण फ्लायव्हीलचे बोल्ट सैल झाले किंवा बोल्टांच्या होलभोवती तडा गेला तरी आवाज अगदी तसाच येतो. क्लच सोडताना गाडी धडधडते, जुडर होतो. स्टार्टर कधी नीट पकडतो तर कधी खरखरतो, कारण रिंग गियर (फ्लायव्हीलच्या कडेचं दातेरी कडं) जागेवरून किंचित सरकलेली असते. क्रँकचं मागचं ऑइल सील बदललं तरी महिन्याभरात परत गळायला लागतं. आणि एक लक्षण असं की ते गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय दिसतच नाही, क्लच प्लेट जिथे घासते त्या तोंडावर निळे-जांभळे डाग आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा.

यातलं एखादंच लक्षण असेल तर कारण साधं असू शकतं. पण दोन-तीन एकत्र असतील आणि इंजिनाचा आरपीएम वाढवलेला असेल तर मी सरळ धातूवर संशय घेतो.

आधी फुकटातलं: हे इंजिन खरंच किती फिरलंय

ईसीयूचा (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा) लॉग निघत असेल तर काढा आणि आजवरचा सगळ्यात जास्त आरपीएम बघा. लिमिटर ७००० ला लावलाय म्हणजे इंजिन ७००० च्या पुढे गेलंच नाही असं समजू नका. लिमिटर इंधन किंवा ठिणगी तोडतो, म्हणजे इंजिन स्वतःच्या जोरावर पुढे जात नाही एवढंच, पण चौथ्यातून पाचव्याऐवजी तिसरा पडला किंवा खाली आणताना चुकून दुसरा लागला की चाकंच इंजिनाला फिरवतात आणि तिथे लिमिटर काहीही करू शकत नाही. लॉग नसेल तर चालवणाऱ्याला विचारा आणि असं विचारा की त्याला खरं सांगताना भीती वाटणार नाही, कारण एक चुकलेला गियर सगळं गणित बदलतो.

का बदलतो ते सांगतो, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. फिरणाऱ्या कड्यातला ताण म्हणजे धातूची घनता गुणिले कडेच्या वेगाचा वर्ग. वर्ग! आरपीएम दीडपट केला तर ताण सव्वादोन पट होतो, दुप्पट केला तर चौपट. २४० मिमीचं फ्लायव्हील ६००० ला फिरतं तेव्हा त्याची कड सेकंदाला ७५ मीटरने पळते, ९००० ला तीच ११३ मीटरने. मध्ये भोक असलेल्या सपाट तबकडीत सगळ्यात जास्त ताण बाहेर नसतो, आतल्या भोकाच्या कडेला असतो, आणि साध्या ओतीव बिडाच्या तबकडीत तो ६००० ला साधारण ३३ मेगापास्कल तर ९००० ला ७५ च्या आसपास जातो. साध्या बिडाची ताकद २०० ते २५० मेगापास्कल असते म्हणजे भरपूर शिल्लक आहे असं वाटेल, पण हा आकडा गुळगुळीत तबकडीचा झाला, त्यात बोल्टांची होलं, डॉवेलची (जागा पक्की धरणाऱ्या पिनांची) होलं असतात आणि होलाच्या कडेला ताण ढोबळमानाने दोन ते तीन पट होतो. वर क्लचची उष्णता, वर क्रँकचे धक्के. शिल्लक कुठे गेली ते कळतच नाही. आणि हे भोकाजवळ होतं म्हणूनच मी बघितलेले बहुतेक जीवघेणे तडे बोल्टांच्या होलापासून सुरू झालेले होते, बाहेरच्या कडेपासून नाही.

जुन्या कारखान्यांत वाफेच्या इंजिनांना मोठाली बिडाची चाकं असायची, त्यांच्या कडेचा वेग सेकंदाला २५-३० मीटरच्या आत ठेवायचा असा पाळायचा नियम होता. आरे, सांधे, ओतकामातल्या पोकळ्या असलेली ती चाकं वेगळी होती हे मान्य, आजचं फ्लायव्हील अखंड तबकडी असतं म्हणून त्यापेक्षा खूप पुढे जाऊ शकतं. पण बिडाबद्दलची ती भीती अनुभवातून आलेली होती.

मग टॉर्च, कान आणि क्लचचं पेडल

गाडी उभी, न्यूट्रल, हँडब्रेक, आरपीएम हळूहळू ३००० पर्यंत न्या, त्यापुढे या तपासणीत जाऊ नका, आणि बाहेर कोणी उभं असेल तर बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या आवरणाच्या) रेषेत नको. थरथर आली की पेडल पूर्ण दाबा. पेडल दाबल्यावर क्लच प्लेट सुटते, पण फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट फिरतच राहतात, म्हणजे थरथर कमी झाली तर दोष प्लेटमध्ये किंवा गिअरबॉक्सच्या शाफ्टमध्ये, आणि तशीच राहिली तर फ्लायव्हील, प्रेशर प्लेट नाहीतर पुढची डॅम्पर पुली. दोन मिनिटांचं काम आहे आणि अर्धा शोध इथेच संपतो.

आता इंजिन बंद करून, बॅटरीची वायर काढून, बेल हाउसिंगला तपासणीची खिडकी असेल तर ती उघडा आणि क्रँक हाताने फिरवत टॉर्चने बघा. रिंग गियरची कड सगळीकडे सारखी बसलीय का, फ्लायव्हीलच्या कडेवर रेषा आहेत का, बोल्टांभोवती तांबूस गंजासारखी पूड आहे का. ती पूड म्हणजे दोन धातू एकमेकांवर सूक्ष्म हलत घासतायत. पाणी न लागलेल्या जागी गंज दिसला तर जोड सैल आहे असंच समजा.

डॅम्पर पुलीकडे जाता जाता बघून घ्या. आतला हब आणि बाहेरचं जड कडं यांच्यामध्ये रबर असतं, ते रबर फुगलंय, बाहेर आलंय किंवा चिरलंय का. खडूने हबपासून कड्यापर्यंत एक सरळ रेष मारा, गाडी चालवून आल्यावर बघा, रेष तुटली असेल तर कडं सरकतंय. अशा पुलीमुळे क्रँकचा पीळ आवरला जात नाही आणि तो मार मागे फ्लायव्हीलच्या बोल्टांवर येतो, शिवाय टायमिंगची खूणही खोटी दाखवते. पुली बदला, दुरुस्त करत बसू नका.

गिअरबॉक्स उतरवल्यावर: बोल्ट आणि डायल

इथपासून मेहनत आहे, गिअरबॉक्स नीट आधार देऊन उतरवायची सोय नसेल तर इथेच थांबून गॅरेजला द्या. जॅकवर लटकती गिअरबॉक्स हा फ्लायव्हीलपेक्षा जवळचा धोका आहे.

बोल्ट काढताना प्रत्येकाला किती जोर लागला ते लिहून ठेवा. एखादा बोल्ट हलक्या हाताने सुटला तर त्या बाजूला जोड काम करतच नव्हता. इथे बऱ्याच जणांचा गैरसमज असतो, फ्लायव्हीलचा टॉर्क बोल्ट कातरण्याच्या ताकदीवर जात नाही, तो बोल्टांनी दाबून धरलेल्या दोन तोंडांच्या घर्षणावर जातो, बोल्ट सैल झाला की घर्षण गेलं आणि मग बोल्टांवर मागेपुढे मार सुरू होतो. म्हणून क्रँकचा फ्लँज आणि फ्लायव्हीलचं बसायचं तोंड साफ हवं, तिथे एक बारीकशी बर (धातूची उभी राहिलेली कड) किंवा जुन्या थ्रेड लॉकचा कण राहिला तरी पुरतो. बरेच बोल्ट एकदाच वापरायचे असतात, ताणून बसवायच्या प्रकारचे, ते परत लावू नका. आणि जास्त ताकदीचे १२.९ ग्रेडचे बोल्ट छान दिसावेत म्हणून झिंक प्लेटिंग करून घेऊ नका, प्लेटिंगमध्ये हायड्रोजन धातूत शिरतो आणि घट्ट केलेला बोल्ट काही तासांनी किंवा दिवसांनी काहीही कारण न दिसता तुटतो.

फ्लायव्हील परत लावून डायल गेज टेकवा आणि एक फेरा फिरवा. फिरवताना क्रँक एकाच दिशेला दाबून धरा, नाहीतर क्रँकचा पुढेमागे होणारा खेळच डायलवर दिसेल आणि चांगलं फ्लायव्हील वाकडं ठरेल. मर्यादा मॅन्युअलमधली धरायची, पण एक-दोन दशांश मिलिमीटरच्या पुढे गेलं तर मी पुढे जात नाही. आता फ्लायव्हील काढून अर्धा फेरा फिरवून लावता येत असेल तर तसं लावून परत मोजा. चूक फ्लायव्हीलबरोबर फिरली तर फ्लायव्हील वाकडं, क्रँकच्या त्याच जागी राहिली तर फ्लँज वाकडा, आणि फ्लँज वाकडा असेल तर तुमचं काम संपलं, क्रँक ग्राइंडिंगवाल्याकडे जा. त्या क्रँकवर कितीही चांगलं फ्लायव्हील लावा, वर्षभरात परत इथेच याल.

तोंडावरच्या रेषा: कुठल्या चालतात, कुठल्या नाही

आधी डिग्रीझरने सगळं स्वच्छ करा, मग डाय पेनेट्रंट वापरा. लाल द्रव लावायचा, डब्यावर लिहिलाय तेवढा वेळ ठेवायचा, कापडाने पुसायचं, आणि पुसताना क्लीनर थेट भागावर मारायचा नाही, कापडावर मारायचा, नाहीतर तड्यातला रंगसुद्धा धुऊन जातो. मग पांढरा डेव्हलपर. पांढऱ्यावर लाल रेष उमटली की तिथे उघडा तडा आहे. याची मर्यादाही लक्षात घ्या, पृष्ठभागावर उघडणारा तडाच यात दिसतो, आतला नाही. बीड आणि पोलादासाठी मॅग्नेटिक पार्टिकल तपासणी जास्त चांगली, पृष्ठभागाच्या किंचित खालचंही ती दाखवते, पण ती तज्ज्ञाकडेच होते.

आता निर्णय. घासण्याच्या तोंडावरच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा, ज्यात नख अडकत नाही, त्या क्लच घसरून तापल्यामुळे येतात आणि फेसिंगमध्ये निघून जात असतील तर ठीक आहे. निळे डाग मात्र नुसता रंग नाही, तिथे बीड तापून लगेच थंड झालेलं असतं आणि तो ठिपका कडक झालेला असतो, लेथचं टूल त्यावरून उडी मारतं आणि तिथे उंचवटा राहतो, म्हणून असं तोंड ग्राइंडिंगने करायचं. फेसिंगनंतर उरलेली जाडी किमान जाडीपेक्षा कमी होत असेल तर फ्लायव्हील गेलं.

आणि जी रेष बोल्टांच्या होलापर्यंत, डॉवेलपर्यंत किंवा कडेपर्यंत पोचते, किंवा मागच्या बाजूलाही दिसते, ते फ्लायव्हील भंगार. त्यावर चर्चा नाही. मला दर काही महिन्यांनी कोणीतरी विचारतं की वेल्डिंग करून बॅलन्स करून देता का. नाही देत. बिडावर वेल्ड केलं की वेल्डच्या शेजारची पट्टी काचेसारखी ठिसूळ होते, वरून नितळ दिसतं आणि तडा फक्त दोन सेंटीमीटर बाजूला सरकलेला असतो. तड्याच्या टोकाला भोक पाडून तो थांबवायची युक्ती पत्र्यावर ठीक आहे, हजारो फेरे घेणाऱ्या भागावर नाही. हलकं करायला म्हणून बिडाच्या फ्लायव्हीलला घरी भोकं पाडणं हेही त्यातच आलं, प्रत्येक भोक म्हणजे ताण गोळा होणारी नवी जागा.

समोरचा धातू आहे कुठला

हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही, सुरुवातीला तरी नाही. चुंबक चिकटला नाही तर ॲल्युमिनियम असण्याची शक्यता जास्त. चिकटला तर बीड की पोलाद? फ्लायव्हील दोरीला टांगून लाकडी मुठीने टक् करा, पोलाद घंटेसारखं बराच वेळ वाजतं, साधं बीड ठप्प वाजून गप्प होतं, एसजी आयर्न (बिडाचाच चिवट प्रकार, पुढे सांगतो) मधेच कुठेतरी. मशीन न केलेल्या जागी वाळूच्या साच्याचा खरबरीतपणा आणि साच्याची जोडरेषा दिसली तर ओतीव. कधीकधी ग्रेड तिथेच उठवलेला असतो. सगळ्यात खात्रीचं म्हणजे टर्नर फेसिंग करताना शेजारी उभं राहून बघा, साध्या बिडाची काळी पूड पडते आणि बोटं पेन्सिलीच्या शिशासारखी काळी होतात, एसजीचे छोटे वळलेले तुकडे पडतात, पोलादाच्या लांब चिवट गुंडाळ्या निघतात.

फरक एवढा का धरायचा? साध्या बिडात ग्रॅफाइट पापुद्र्यांसारखं पसरलेलं असतं, आणि प्रत्येक पापुद्रा म्हणजे धातूच्या पोटात आधीपासून असलेली एक बारीक फट. दाबाखाली बीड उत्तम, ताणाखाली तेच कमजोर, आणि मुख्य म्हणजे तुटताना ते लांबत नाही, वाकत नाही, अजिबात सूचना देत नाही. मग कंपन्या ते का वापरतात? कारण ते थरथर शोषतं, क्लचला छान धरतं, उष्णता सहन करतं, ओतायला सोपं आहे, आणि ज्या आरपीएमसाठी बनवलंय त्यात पिढ्यानपिढ्या चालतं. ओरिजिनल इंजिनावर ओरिजिनल बिडाचं फ्लायव्हील बसवायला माझा काडीचाही विरोध नाही. रेडलाइन वाढवली की मात्र विषय बदलतो.

नवीन घेताना काय घ्यायचं

लोक नुसती ताकद विचारतात, किती मेगापास्कल. मी दोन गोष्टी बघतो, घनतेच्या तुलनेत ताकद किती, आणि तुटण्याआधी तो किती लांबतो. पहिली का, तर वरच्या सूत्रात घनता आहे, फिरणारा भाग स्वतःच्याच वजनाने स्वतःला फाडत असतो. दुसरी का, तर लांबणारा धातू आधी वाकतो, घासतो, आवाज करतो, तुम्हाला वेळ देतो.

एसजी आयर्न म्हणजे तेच बीड पण ग्रॅफाइट पापुद्र्यांऐवजी गोल गोळ्यांच्या रूपात, त्यामुळे फटी नाहीत. ४००-१५ ग्रेड म्हणजे किमान ४०० मेगापास्कल ताकद आणि १५ टक्के लांबणं, ५००-७ म्हणजे ५०० आणि ७ टक्के. रस्त्यावरच्या, थोडा आरपीएम वाढवलेल्या इंजिनासाठी हा मला समंजस पर्याय वाटतो. पण हे सगळं ओतकाम नीट झालं असेल तरच, ग्रॅफाइट नीट गोल झालं नाही तर नाव एसजीचं आणि वागणं बिडाचं, म्हणून ग्रेडचा दाखला मागा.

साडेसात-आठ हजारांच्या पुढे सतत जायचं असेल तर माझं उत्तर पोलाद. ईएन ८ सारखं मध्यम कार्बनचं पोलाद बऱ्याच कामाला पुरतं, त्याहून जास्त हवं तर ४१४० किंवा ४३४० सारखं मिश्र पोलाद, योग्य हीट ट्रीटमेंट केलेलं. जास्तीत जास्त कडक करून घेऊ नका, कडकपणा वाढला की चिवटपणा जातो आणि आपण परत बिडाच्या स्वभावाकडे येतो. आणि "बिलेट" हा शब्द ऐकून खूश होऊ नका. बिलेट म्हणजे अखंड ठोकळ्यातून कापलेलं, ओतलेलं नाही, बस. ठोकळा कुठल्या ग्रेडचा, हे विचारल्यावर समोरच्याला सांगता आलं नाही तर तो भाग मी माझ्या मशीनवर फिरवतसुद्धा नाही.

ॲल्युमिनियमबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात आणि दोन्ही अर्धवट. ते कमजोर आहे म्हणणारे घनता विसरतात, ७०७५-टी६ ची ताकद ५५० मेगापास्कलच्या वर आहे आणि घनता पोलादाच्या जेमतेम तिसरा हिस्सा, त्यामुळे त्याच वेगाला त्यात ताणही तिसरा हिस्साच. जे हलकं आहे म्हणून डोळे मिटून घेतात ते उष्णता आणि थकवा विसरतात. १५० अंश सेल्सियसच्या पुढे ही मिश्रधातू झपाट्याने ताकद गमावते, म्हणून क्लच घासायला वेगळी पोलादी चकती बोल्टांनी बसवलेली हवीच, आणि शहराच्या गर्दीत क्लच घसरवत चालणाऱ्या गाडीला मी हे सुचवत नाही. पोलादाला एक मर्यादा असते, तिच्या खालच्या ताणाला ते व्यवहारात थकत नाही, ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही, फेरे मोजले जात राहतात आणि कधीतरी संपतात. म्हणजे ॲल्युमिनियमचा भाग ठराविक काळाने तपासायचा आणि बदलायचा, तो आयुष्यभराचा नाही. तापल्यावर ते पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं, त्यामुळे नुसती गरम करून चढवलेली रिंग गियर आणि बोल्टांचा ताण दोन्हीकडे लक्ष ठेवावं लागतं.

शर्यतीत उतरणार असाल तर एसएफआय (शर्यतीच्या भागांची सुरक्षा मानकं ठरवणारी अमेरिकन संस्था) १.१ किंवा मल्टी-प्लेट क्लचसाठी १.२ चं लेबल असलेलंच घ्या आणि सोबत ६.१ चं बेल हाउसिंग किंवा तुकडे अडवणारं स्कॅटर शील्ड. हे नियम कागदावर उगाच आले नाहीत. ८ मार्च १९७० ला अमेरिकेतल्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर नामांकित रेसर डॉन गार्लिट्स यांच्या ड्रॅगस्टरची (सरळ रेषेतल्या शर्यतीच्या गाडीची) ट्रान्समिशन फुटली आणि त्यांच्या उजव्या पायाचा पुढचा भाग गेला. त्यानंतर १९७१ मध्ये त्यांनी इंजिन पाठीमागे असलेली गाडी आणली आणि पुढे अख्ख्या खेळानेच ती रचना उचलली, कारण फिरणारा भाग माणसाच्या पायांत असू नये हे सगळ्यांना पटलं.

दाखल्याचा आग्रह मी का धरतो तेही सांगतो. १९ जुलै १९८९ ला अमेरिकेत सू सिटीला जे डीसी-१० विमान पडलं, त्यात २९६ जण होते आणि ११० पेक्षा जास्त गेले, तिथे शेपटीतल्या इंजिनाची पंख्याची तबकडी फुटली होती. टायटॅनियम, म्हणजे धातू बरोबर निवडलेला. पण वितळवतानाच त्यात एक बारीक कडक दोष राहिला होता, तिथून तडा वर्षानुवर्षं वाढला आणि तपासणीत तो कोणाच्या लक्षात आला नाही. म्हणून ग्रेडचं नाव पुरत नाही, हीट नंबर (धातू वितळवलेल्या त्या घाण्याचा क्रमांक), तपासणीचा रिपोर्ट हेही हवं.

शेवटची पायरी, बॅलन्सिंग

धातू कितीही चांगला असला तरी हे सोडू नका. ७००० आरपीएमला १०० मिमी त्रिज्येवर फक्त १० ग्रॅम जास्त असले तर दर फेऱ्याला सुमारे ५४० न्यूटन, म्हणजे ५५ किलोचा ओढा क्रँकवर येतो, आणि ३५०० ला त्याचा चौथा हिस्सा. आयडलला छान वाटणारं इंजिन वर जाऊन थरथरतं ते यामुळेच. जी ६.३ या बॅलन्सिंगच्या अचूकतेच्या ग्रेडला आठ किलोच्या फ्लायव्हीलला ६००० आरपीएमसाठी ८० ग्रॅम-मिलिमीटर एवढीच चूक चालते, म्हणजे १०० मिमी त्रिज्येवर पाऊण ग्रॅमपेक्षा जरासं जास्त. हे घरी होत नाही, बॅलन्सिंग मशीनच लागतं.

कुठे हात थांबवायचे

तडा दिसला, फ्लँज वाकडा निघाला, किंवा नवीन भाग असूनही थरथर कायम राहिली तर तिथून पुढे मशीन शॉपचं काम. रेव्ह लिमिटच्या दोन हजार पुढे एकदा जरी इंजिन गेलं असेल तर फ्लायव्हील, डॅम्पर, कनेक्टिंग रॉडचे बोल्ट सगळंच उतरवून तपासून घ्यायचं, वरून ठीक दिसतंय म्हणून सोडायचं नाही. आणि टर्बोच्या चाकांना तर हातच लावू नका. ५० मिमीचं कॉम्प्रेसर व्हील दीड लाख आरपीएमला फिरतं तेव्हा त्याची कड सेकंदाला ३९० मीटरच्या वर असते, वाकलेलं पातं सरळ करणं किंवा टोक कानसीने घासणं म्हणजे तडा स्वतःच्या हाताने पेरणं. गरम बाजूचं चाक निकेलच्या मिश्रधातूचं असतं कारण तिथल्या उष्णतेत साधं पोलाद टिकत नाही, त्याजागी स्वस्तातलं काहीतरी बसवू नका.

मशीन शॉपला जाताना एकटं फ्लायव्हील नेऊ नका. प्रेशर प्लेट, तिचे बोल्ट, डॉवेल, डॅम्पर पुली सगळं न्या, आधी कोण कुठे बसलं होतं त्याच्या खुणा पंचने किंवा मार्करने करून ठेवा, आणि इंजिनाचं बॅलन्सिंग आतलं आहे की फ्लायव्हीलवर वजन ठेवून केलेलं बाहेरचं आहे ते मॅन्युअलमधून बघून सांगा, कारण बाहेरच्या बॅलन्सचं फ्लायव्हील मशीनवर शून्याला आणलं तर बिघाड आपणच करून ठेवतो. कुठल्या आरपीएमपर्यंत इंजिन न्यायचं आहे तो खरा आकडा सांगा. आणि लॉगमध्ये सगळ्यात वरचा आकडा जो दिसला होता, तोसुद्धा.